लातूरची वादविवाद कार्यशाळा : पैसे वसूल, पण घरचं पान कोरं

घालावं का पोराला? घालावं. फक्त पहिल्या रविवारी आपण मागच्या बाकावर बसून बघावं आणि मगच उरलेले पैसे भरावेत. मी बसले. मी उदगीरच्या कोर्टात दिवाणी दावे चालवते. बहिणीचा मुलगा बारावी आर्ट्‌सला आहे, त्याला वकील व्हायचंय. लातूरला नीट-जेईई सोडून दुसऱ्या कशाचा तरी क्लास निघालाय, ही बातमी आमच्या घरात चांगली दोन जेवणं पुरली.

"काय शिकवायलेत म्हणं तिथं?" भाऊजींनी विचारलं.

"वाद घालायला."

"त्याला अडीच हजार? घरी फुकट शिकायलाय की!"

क्लासचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि चालवणारी जोडी तरुण आहे, धंदा नवा आहे. औसा रोडला दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. आठवडाभर त्याच खोलीत कुणीतरी केमिस्ट्री शिकवतं, त्यामुळे लोकशाही आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांच्यामागे फळ्यावर बेन्झिनचे अर्धवट पुसलेले षटकोन दिसत राहतात. खुर्च्यांना लिहायची फळी उजव्या हाताला आहे, डावखुऱ्या पोरांनी मांडीवर वही धरायची. लाईट गेली की पंखा बंद. मधल्या सुट्टीत कागदी प्लेटमध्ये चुरमुऱ्यांचा सुशीला, वर शेंगदाणे आणि लिंबाची फोड, सोबत चहा. हे फीमध्येच, आणि मापात कंजुषी नाही.

पद्धत मात्र झकास आहे. विषय आठवडाभर आधी देतात, सोबत झेरॉक्स केलेला वाचनाचा संच. बाजू कुठली ते आल्यावर चिठ्ठी उचलून ठरतं, आणि सुट्टीनंतर बाजू उलटतात. तासाभरापूर्वी ज्या मुद्द्यावर गळा काढला तोच आता खोडायचा. आमच्या बारमध्ये पंचवीस-पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या काहींना हे जमत नाही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धांनी आपल्याकडे पोरांचं जे नुकसान केलंय (हात वर, आवाज वर, शेवटी शेर) त्याच्यावर हा उतारा आहे.

मी बसले त्या दिवशीचा विषय होता : 'नरसंहार झालाच नाही असं म्हणणं कायद्यानं गुन्हा ठरवावं का?' मला वाटलं होतं पोरांना झेपणार नाही. संच चाळला आणि बरं वाटलं, कारण तो कुणीतरी वाचून जमवला होता, नुसता मोबाईलवरून उतरवला नव्हता. जर्मनीच्या घटना न्यायालयाचा १९९४ चा निकाल त्यात सोप्या मराठीत होता : ज्यूंचा संहार झालाच नाही हे मत नाही, ते सिद्ध झालेलं असत्य विधान आहे, आणि असत्य विधानाला मतस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. ज्यूंचा संहार नाकारणं गुन्हा ठरवणारा फ्रान्सचा १९९० चा गेसो कायदा होता. त्याच फ्रान्सनं पुढे आर्मेनियन नरसंहार नाकारण्यावरही कायदा केला आणि तो तिथल्या घटना परिषदेनं फेब्रुवारी २०१२ मध्ये रद्द केला, हेही होतं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर ठेवल्या होत्या, पोरांनी आपापसांत झगडून फरक शोधावा म्हणून. ज्यानं हे पान लावलं त्याला शंभरपैकी शंभर.

फरक साधा नाही. न्युरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला, कागदपत्रं आली, साक्षी झाल्या, शिक्षा झाल्या. गेसो कायदा त्या न्यायनिर्णयाला चिकटून उभा आहे. आर्मेनियन लोकांची ऑटोमन तुर्कस्तानातली १९१५ ची कत्तल इतिहासकारांनी उदंड सिद्ध केली आहे, पण तिच्यामागे असा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निवाडा नाही, संसदेचे ठराव आहेत. इतिहास संसदेनं ठरवायचा की न्यायालयानं की इतिहासकारांनी, हा तो प्रश्न. मागच्या रांगेतलं एक पोरगं म्हणालं, "सर, संसदेनं ठरवलं तर इलेक्शननंतर बदलंल की." मी वहीत त्याचं वाक्य उतरवून घेतलं.

शिकवणाऱ्या सरांची एक चूक सांगायलाच हवी. त्यांनी सांगितलं की डेव्हिड आयर्व्हिंग या इतिहासलेखकाला लंडनच्या कोर्टानं ज्यूंचा संहार नाकारला म्हणून तुरुंगात टाकलं. तसं झालं नाही, आणि या विषयात ही चूक खपत नाही, कारण सगळी गंमत तिथंच आहे. लंडनला आयर्व्हिंग आरोपी नव्हता, वादी होता. डेबोरा लिपस्टॅट या अमेरिकन प्राध्यापिकेनं त्याला नकारवादी म्हटलं, म्हणून यानंच तिच्यावर आणि तिच्या प्रकाशकावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. इंग्लंडच्या कायद्यात लिहिलेलं खरं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर. म्हणजे त्या बाईच्या वकिलांना कोर्टात ऑश्विट्झच्या नाझी छावणीतला संहार सिद्ध करायची वेळ आली. त्यांनी रिचर्ड इव्हान्स या इतिहासकाराला बसवलं, त्यानं आयर्व्हिंगच्या तळटीपा एकेक करून मूळ जर्मन कागदाशी ताडल्या, आणि कुठं शब्द गाळला, कुठं तारीख फिरवली ते मांडलं. ११ एप्रिल २००० ला न्यायमूर्ती ग्रे यांनी निकाल दिला : या माणसानं पुरावा जाणूनबुजून वाकवला. दावा खर्चासह फेटाळला, गडी पुढे दिवाळखोर झाला.

तुरुंग झाला तो ऑस्ट्रियात. तिथं हा अपराध १९४७ च्या नाझीबंदी कायद्याखाली येतो. १९८९ मध्ये केलेल्या भाषणांबद्दल त्याला २००५ च्या नोव्हेंबरात पकडलं, २००६ च्या फेब्रुवारीत तीन वर्षांची शिक्षा झाली, डिसेंबरात सुटला. आणि लिपस्टॅटबाईंनी, जिला त्यानं वर्षानुवर्षं कोर्टात खेचलं होतं तिनं, त्याच्या तुरुंगवासाला पाठिंबा दिला नाही.

एकच माणूस, एकच खोटं, दोन देश. एका ठिकाणी त्याच्या हाती तीनशेहून जास्त पानांचं निकालपत्र आलं, ज्यातून त्याला आयुष्यभर बाहेर पडता येणार नाही. दुसऱ्या ठिकाणी हातकडीतला फोटो आला, जो त्याच्या चेल्यांना हवाच होता. सरांना सुट्टीत हळूच सांगितलं. त्यांनी चहाचा कप ठेवून तिथंच फोनवर ताडून पाहिलं आणि सुट्टीनंतर पहिलं वाक्य दुरुस्तीचं बोलले. कोचिंगवाल्यांमध्ये हा गुण मी फारसा पाहिलेला नाही, म्हणून चुकीसाठी कापलेले मार्क परत देते.

आता पोरं. कायदा हवा, या बाजूची चिठ्ठी अहमदपूरच्या एका मुलीला आली. चणीनं एवढीशी, पण बोलताना कागदाकडे एकदाही बघितलं नाही. तिनं स्रेब्रेनित्सा घेतलं. जुलै १९९५, बोस्नियातलं गाव, आठ हजारांहून जास्त पुरुष आणि पोरगे मारले. युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणानं नरसंहार म्हटलं, २००७ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही म्हटलं. "आणि त्यांच्या घरच्या बाया परत आपल्याच गावात राहायला आल्या. तिथला पुढारी जाहीर सांगतो की असं काही घडलंच नाही. मग त्या बाईनं कुणाची माती दिली? तिला बाजारात जायचंय, दाखले काढायला त्याच हापिसात जायचंय. तिच्या बाबतीत हे भाषण नाही, हा रोजचा मार आहे." तिथले आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी इन्झ्को यांनी जुलै २०२१ मध्ये पदावरून उतरता उतरता आपल्या खास अधिकारात नकार हा गुन्हा ठरवला, कारण तिथल्या संसदेकडून ते कधीच होणार नव्हतं, हा तिचा शेवटचा मुद्दा. खोली गप्प झाली. मलाही उत्तर सुचलं नाही, आणि उत्तरं सुचणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

समोर आमचे चिरंजीव. त्यानं दोउ पेरिन्चेकचा खटला लावला. तुर्कस्तानचा हा पुढारी २००५ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन म्हणाला, आर्मेनियन नरसंहार हे आंतरराष्ट्रीय थोतांड आहे. स्विस कोर्टानं दंड केला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठानं ऑक्टोबर २०१५ मध्ये १० विरुद्ध ७ मतांनी सांगितलं की शिक्षा चुकीची. त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून नव्हे, तर बोलण्यात आर्मेनियन लोकांविरुद्ध चिथावणी नव्हती, स्वित्झर्लंडचा त्या घटनेशी थेट संबंध नव्हता आणि काळही खूप लोटला होता म्हणून. आणि मग पोरानं पत्ता टाकला तो ह्रांट डिंकचा. इस्तंबूलचा आर्मेनियन संपादक. नरसंहार झाला असं मानणारा. तुर्कस्तानात तुर्कत्वाचा अपमान केला म्हणून त्याच्यावर ३०१ कलमाखाली शिक्षा, आणि तरी फ्रान्समध्ये नकारबंदीचा कायदा येऊ घातला तेव्हा यानं त्यालाही विरोध केला. १९ जानेवारी २००७ ला त्याच्याच वर्तमानपत्राच्या दारात त्याला गोळ्या घातल्या. "एका देशात झालं म्हणलं तर जेल, दुसऱ्यात नाही म्हणलं तर जेल. कलम दोन्हीकडं सरकारचंच." घरी येताना एसटीत विचारलं, हे वाक्य कुठून घेतलंस? म्हणाला, "मावशी, तुझ्याच वहीतून नाही घेतलं, एवढं खरं."

इथवर सगळं उत्तम. माझी खरी तक्रार संचाच्या शेवटच्या पानांबद्दल आहे, म्हणजे जी पानं नव्हतीच त्यांच्याबद्दल.

एक तर भारताचा कायदा. युरोपची इतकी कलमं देता, तर आपल्या राज्यघटनेचं १९(२) द्या की. त्यात बंधनाची कारणं मोजून दिली आहेत : सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. 'खोटं बोलणं' त्यात नाही. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम उडवलं तेव्हा चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांच्यात रेघ ओढली, बंधन तिसऱ्यालाच. जर्मनीचं १९९४ चं तर्कशास्त्र आपल्याकडं जसंच्या तसं चालणार नाही, हे पोरांना कळायला हवं होतं. समाजात वैर पसरवण्याविरुद्ध दंडसंहितेचं जुनं १५३-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं १९६ आहे. नरसंहाराविरुद्धचा जागतिक करार भारतानं १९५९ मध्ये मान्य केला, पण नरसंहाराचा स्वतंत्र गुन्हा सांगणारा कायदा देशात अजून केलेला नाही. गुन्हाच पुस्तकात नाही आणि आपण त्याच्या नकारावर वाद घालतोय, हे कुणीतरी पहिल्या पाच मिनिटांत सांगायला पाहिजे होतं.

दुसरं जास्त जिव्हारी लागणारं. चर्चेत एका मुलानं हात वर केला आणि रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचं, काढलं. त्याच्या पणजोबांच्या गावात काय झालं ते सांगू लागला. दोन रांगा सोडून एक मुलगी म्हणाली, आमच्याकडं पण सांगतात, पण पोलीस ॲक्शननंतरचं. दोघांचा आवाज चढलेला नव्हता. सर मध्ये पडले : "लोकल नको, आपण इंटरनॅशनल ठेवू." आणि गाडी परत युरोपात.

अहो, ज्या शहरात बसून हे चाललंय तिथंच रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी वकिली करत होता! आमच्याच धंद्यातला. रझाकारांनी १९४८ च्या मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला जी माणसं मारली, त्यांची नावं तिथल्या लोकांना आजही ठाऊक आहेत. मग १३ ते १७ सप्टेंबरची भारतीय लष्कराची 'पोलीस कारवाई', निजाम शरण, आपला मुक्तिसंग्राम दिन. आणि त्यानंतरचे आठवडे. त्यांची चौकशी करायला केंद्रानं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. ते १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हिंडले. त्यांच्या अहवालात मेलेल्यांचा कमीत कमी अंदाज २७ ते ४० हजार असा आहे, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात वाईट चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं, आमचं उदगीर, निलंगा, अहमदपूर बिदरमध्ये. म्हणजे त्या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येक पोराचा पत्ता त्या यादीत बसतो. त्याच अहवालात रझाकारांच्या अत्याचारांचीही नोंद आहे, आणि हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवल्याचीही. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना राखलं, असं खास लिहिलंय.

हा अहवाल सरकारनं छापला नाही. अभ्यासकांनी त्यातले भाग इकडून तिकडून मिळवून छापले, पण दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना बघायला मिळू लागला तोवर २०१३ उजाडलं होतं.

आता मांडा तुमचा कायदा इथं. नकार देणारा कोण? गोरटं घडलंच नाही म्हणणारा व्हॉट्सॲपवर आहे. सप्टेंबरनंतर काही घडलंच नाही म्हणणाराही आहे, आणि त्याच्याकडे फॉरवर्ड जास्त आहेत. दोन्हीकडं मेलेल्यांवर न्युरेंबर्गसारखा खटला नाही, हेगसारखा निवाडा नाही. पासष्ट वर्षं गप्प बसलं ते तर सरकारच. नकाराचा गुन्हा दाखल करायची पेन त्याच सरकारच्या हाती द्यायची? रवांडात बघा. १९९४ ला हुतू टोळ्यांनी शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं, बहुतेक तुत्सी, मारली, रेडिओवरून नावं वाचून. तिथं असा कायदा व्हावा हे कुणालाही पटेल. पण व्हिक्टोआर इंगाबिरे ही विरोधी पक्षाची बाई २०१० मध्ये स्मारकावर उभी राहून म्हणाली की मेलेल्या हुतूंचीही आठवण ठेवा, आणि पुढे कटाच्या आरोपासोबत नरसंहाराला कमी लेखल्याचा ठपका येऊन तिला १५ वर्षांची शिक्षा झाली. २०१८ ला सुटली. बांगलादेशात १९७१ च्या युद्धात तीस लाख मेले या आकड्यावर प्रश्न विचारला म्हणून डेव्हिड बर्गमन या पत्रकाराला २०१४ मध्ये न्यायाधिकरणाच्या अवमानाबद्दल दंड झाला. त्यानं कत्तल नाकारलीच नव्हती. दुसऱ्या बाजूचे मेलेले मोजणं आणि आकड्याला हिशेब मागणं, हे दोन्ही असल्या कायद्याच्या जाळ्यात सगळ्यात आधी सापडतात. मराठवाड्यात तर आपल्याला नेमकं तेच करायचं बाकी आहे.

म्हणून माझी बाजू विचाराल तर : न्यायालयात सिद्ध झालेला संहार, तिथंच राहणारे वारस, आणि त्यांच्याविरुद्ध चिथावणी, हे तिन्ही असतील तर कायदा असू द्या. अहमदपूरच्या मुलीची बोस्नियातली बाई त्यात बसते. बाकी ठिकाणी लंडनचा रस्ता, तळटीप ताडून. आणि आमच्याकडं आधी अहवाल मराठीत छापा, गावागावातल्या म्हाताऱ्यांच्या साक्षी नोंदवा. ती पोरं दोन रांगांच्या अंतरावर बसून तेच करायला निघाली होती, सरांनी बसवली.

गुणपत्रिकेबद्दलही बोलते, कारण पालकांना तीच दिसते. मांडणीला ४०, आवाज आणि हावभावाला ३०, वेळ पाळण्याला २०, पुराव्याला १०. उलटं करा हो! आयर्व्हिंगची मांडणी आणि आवाज झकासच होता, या तक्त्यात तो ९० घेऊन गेला असता. त्या दिवशी पहिलं बक्षीस एका खणखणीत आवाजाच्या पोराला गेलं, ज्यानं एकही साल बरोबर सांगितलं नाही. अहमदपूरची मुलगी तिसरी. आमचा भाचा पाचवा, आणि तो योग्यच, कारण तो वेळेपेक्षा बराच लांबला.

घ्यायचा तर निर्णय असा : आठवीच्या खालच्यांना नको, विषय जड आहेत. कायदा, पत्रकारिता, एमपीएससीकडं जाणाऱ्यांनी जरूर जावं. बाजू उलटवायची पद्धत आणि संच यांसाठीच अडीच हजार वसूल होतात. मुलींसाठी स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर आहे आणि किल्ली झेरॉक्सवाल्याकडे असते, हे त्यांनी तातडीनं सुधारावं. हैदराबाद संस्थानावर एक रविवार ठेवा, असं मी लेखी दिलंय, वाचनाची पानं मीच जमवून देते म्हणून सांगितलंय, बघू म्हणालेत. उदगीर-अहमदपूरकडच्यांनी आधी परतीच्या गाडीची वेळ बघून ठेवावी, दुसरी फेरी हमखास लांबते. आणि पैसे भरल्यावर पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत.